कैदी कुठल्या गावचा? शिरगणतीतला एक विचित्र हिशेब

आयोवा राज्यात अनामोसा नावाचं एक लहानसं गाव आहे. सीडर रॅपिड्सहून हायवे १५१ धरून ईशान्येकडे निघालं की अर्ध्या तासात लागतं. वस्ती पाच-साडेपाच हजारांची. 'अमेरिकन गॉथिक' हे जगप्रसिद्ध चित्र काढणारा ग्रँट वुड याच गावाजवळच्या एका शेतावर १८९१ साली जन्मला. गावात गेल्यावर नजरेत भरतो तो मात्र तिथला तुरुंग. १८७० च्या दशकात बांधायला घेतलेला, त्याच भागातल्या पिवळसर दगडाचा आणि कैद्यांच्याच हातांनी उभा राहिलेला. लांबून एखादा किल्लाच वाटावा.

या गावच्या सिटी कौन्सिलची २००५ साली निवडणूक झाली. दुसऱ्या वॉर्डातून एक गृहस्थ निवडून आले. त्यांना मतं किती पडली असतील? दोन! एक पत्नीचं आणि एक शेजाऱ्यांचं. गृहस्थ रीतसर उभेसुद्धा नव्हते. या दोघांनी मतपत्रिकेवरच्या मोकळ्या जागेत त्यांचं नाव लिहिलं आणि ते नगरसेवक झाले.

ही नुसती हसून सोडून द्यायची गोष्ट नाही. अनामोसाचे तेव्हा चार वॉर्ड होते आणि कायद्याप्रमाणे प्रत्येकाची लोकसंख्या जवळजवळ सारखी, म्हणजे सुमारे १,४०० होती. पण दुसऱ्या वॉर्डातल्या १,४०० पैकी १,३०० च्या वर माणसं त्या दगडी किल्ल्यातले कैदी होते. त्यांना मताचा अधिकार नाही. तुरुंगाबाहेर राहणारे लोक साठाच्या आत. म्हणजे शेजारच्या वॉर्डात १,४०० लोकांना मिळून एक नगरसेवक आणि इथे साठ लोकांना एक. भागाकार केला तर दुसऱ्या वॉर्डातला एक माणूस बाकीच्या वॉर्डांतल्या तेवीस माणसांच्या तोडीचा! गावकऱ्यांनी पुढे वॉर्ड पद्धतच मोडीत काढली आणि सगळ्या गावाने मिळून सगळे नगरसेवक निवडायचे असं ठरवलं.

अनामोसाने आपल्यापुरता प्रश्न सोडवला. पण अमेरिकेत तुरुंग असलेली गावं शेकड्यांनी आहेत. राज्यांच्या विधिमंडळांचे मतदारसंघ आखतानाही हाच घोळ होतो. इथे त्याला 'प्रिझन जेरीमँडरिंग' म्हणतात. आपल्याला सोयीच्या वाकड्यातिकड्या सीमा आखून निवडणूक जिंकायची, ते जेरीमँडरिंग. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या नावावरून १८१२ साली हा शब्द निघाला. इथे मात्र सीमा सरळ असली तरी भागत नाही, कारण मुळात आकडाच फसवा असतो. तो कसा, हे आपल्या मंडळींना समजावं म्हणून हा लेखप्रपंच.

दोन वेगळी कामं, एकच आकडा

दर दहा वर्षांनी, शून्याने संपणाऱ्या वर्षी, अमेरिकेत शिरगणती होते. पहिली १७९० साली झाली. तेव्हापासून नियम असा, की माणूस जिथे नेहमी राहतो तिथे त्याला मोजायचं. आजचा सेन्सस ब्यूरो याचा अर्थ असा लावतो, की १ एप्रिलच्या सुमारास माणूस बहुतेक वेळ जिथे राहतो आणि झोपतो ते त्याचं ठिकाण. कॉलेजच्या डॉर्ममधला विद्यार्थी कॉलेजच्या गावी, नर्सिंग होममधल्या आजीबाई नर्सिंग होममध्ये आणि कैदी तुरुंगात. घराचा पत्ता कुठला, शिक्षा तीन महिन्यांची की तीस वर्षांची, हे कोणी विचारत नाही.

१७९० साली याने काही बिघडत नव्हतं. तेव्हा शिरगणतीचं मुख्य काम म्हणजे कुठल्या राज्याला काँग्रेसमध्ये किती जागा द्यायच्या ते ठरवणं. राज्यातला माणूस राज्यातल्याच तुरुंगात असला तर बेरजेत फरक पडत नाही. शिवाय मोठे तुरुंग म्हणावे असे तेव्हा नव्हतेच.

मग दोन गोष्टी बदलल्या. पहिली १९६० च्या दशकातली. टेनेसी आणि अलाबामा या राज्यांनी १९०१ पासून आपले मतदारसंघ नव्याने आखलेच नव्हते. शहरं फुगली, खेडी ओसरली, पण जागा तशाच राहिल्या. 'बेकर विरुद्ध कार' (१९६२) या खटल्यात सुप्रीम कोर्टाने अशा तक्रारी ऐकायचं मान्य केलं आणि 'रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स' (१९६४) मध्ये निकाल दिला, की राज्यांच्या विधिमंडळांचे मतदारसंघ लोकसंख्येने सारखे असले पाहिजेत. आमदार हे झाडांचे किंवा एकरांचे प्रतिनिधी नसून माणसांचे असतात, असं सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी ठणकावलं. १९६८ साली हाच दंडक काउंटी आणि गावपातळीलाही लागू झाला. त्यामुळे राज्यांची बेरीज करण्यासाठी काढलेला आकडा गल्लीबोळांच्या सीमा आखायला वापरला जाऊ लागला.

दुसरा बदल तुरुंगांचा. १९७० च्या सुमारास देशभरच्या राज्य आणि केंद्र सरकारच्या तुरुंगांत मिळून दोन लाखांच्या आसपास कैदी होते. आज ती संख्या बारा लाखांच्या घरात आहे. खटला चालू असलेले आणि लहान शिक्षा भोगणारे स्थानिक जेलमधले लोक धरले तर अठरा-एकोणीस लाख होतात. एवढ्या लोकांसाठी नवे तुरुंग बांधावे लागले, आणि ते बांधले गेले शहरांपासून लांब, जिथे जमीन स्वस्त होती आणि कारखाने बंद पडल्यामुळे लोकांना नोकऱ्या हव्या होत्या.

आमच्या इंजिनियरिंगच्या धंद्यात एक साधी गोष्ट शिकवतात. भट्टीजवळ लावलेला थर्मामीटर खोटं बोलत नाही, त्या जागेचं तापमान तो बरोबरच सांगतो. पण त्या एका आकड्यावर सगळ्या इमारतीचा एअरकंडिशनर चालवला तर बाकीचे लोक थंडीने कुडकुडतील. सेन्सस ब्यूरोने एक एप्रिलला अनामोसाच्या तुरुंगात १,३०० माणसं मोजली ती खरीच होती. चूक झाली ती पुढे. तो आकडा सत्तेच्या वाटणीला जसाच्या तसा लावला तिथे.

मत नसलेले सगळे सारखेच का?

इथे वाचकांच्या मनात एक शंका येईल. मत नसलेली माणसं मोजायचीच नाहीत असं म्हटलं, तर आपल्यातल्या निम्म्या लोकांचं काय? ही शंका रास्त आहे.

२०१० ची शिरगणती झाली तेव्हा आमच्याकडे एच-वन व्हिसा होता. दहा प्रश्नांचा फॉर्म आला, आम्ही तो भरला. नागरिक आहात का, असा प्रश्न त्यात नव्हता. आम्हाला मत नव्हतं, पण आमच्या वॉर्डाच्या लोकसंख्येत आमची दोन डोकी होती. ग्रीन कार्डाची वाट पाहणारी आपली हजारो कुटुंबं, त्यांची अठरा वर्षांखालची मुलं, नातवंडांना सांभाळायला येऊन इथेच राहिलेले ग्रीन कार्डवाले आजी-आजोबा, या सगळ्यांची हीच स्थिती आहे. टेक्ससमधल्या दोन मतदारांनी याच मुद्द्यावर खटला घातला होता. त्यांचं म्हणणं, मतदारसंघ मतदारांच्या संख्येवर आखा, सगळ्या लोकसंख्येवर नको. 'एव्हनवेल विरुद्ध अ‍ॅबट' या खटल्यात २०१६ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांचं म्हणणं एकमताने फेटाळलं आणि एकूण लोकसंख्येवर मतदारसंघ आखायला राज्यांना पूर्ण मुभा आहे असं सांगितलं. आमदार हा मत देणाऱ्यांचाच नव्हे, तर मतदारसंघातल्या सगळ्यांचा असतो, हे तत्त्व त्यामागे आहे.

मग कैद्याचं वेगळं काय? आमचंच उदाहरण घ्या. मत नसतानाही आमचं त्या गावाशी नातं होतं. आमच्या रस्त्यावरचा बर्फ उचलला गेला नाही तर आम्ही सिटी हॉलला फोन करत होतो. आमचा प्रॉपर्टी टॅक्स तिथे जात होता, मुलं तिथल्या शाळेत होती. स्कूल बोर्डाच्या सभेत आम्ही उठून बोललोही आहोत, आणि तेव्हा मतदार आहात का, असं कोणी विचारलं नाही. आमच्या नगरसेवकाच्या निर्णयांचं बरंवाईट आमच्या वाट्याला येत होतं.

कैद्याचं तसं नाही. तो गावच्या रस्त्यावर चालत नाही, त्याची मुलं गावच्या शाळेत जात नाहीत, गावच्या वाचनालयाचं कार्ड त्याला मिळत नाही. राज्याच्या तुरुंगावर सिटी कौन्सिलचा काडीचाही अधिकार चालत नाही. त्याची बायको, मुलं, आई-वडील शंभर-दोनशे मैलांवरच्या शहरात असतात. पत्र लिहायची वेळ आली तर तो आपल्या गावच्या आमदाराला लिहितो. न्यूयॉर्कच्या राज्यघटनेतच कलम आहे, की मतदानाच्या दृष्टीने तुरुंगात राहिल्यामुळे माणसाला नवं रहिवासीपण मिळत नाही आणि जुनं जातही नाही. मेन आणि व्हरमाँट या राज्यांत कैद्यांना मत आहे. तिथेसुद्धा ते तुरुंगाच्या गावात मत देत नाहीत, टपालाने आपापल्या मूळ गावी देतात. म्हणजे कायदा एकीकडे म्हणतो, की हा माणूस अजून ब्रुकलीनचाच. आणि नकाशा म्हणतो, की हा कॅनडाच्या सीमेवरच्या खेड्यातला!

विद्यार्थ्यांची तुलनाही इथे लागू पडत नाही. विद्यार्थी आपल्या मर्जीने कॉलेजच्या गावी येतो, दुकानात जातो, बस वापरतो आणि हवं तर तिथेच मतदार म्हणून नाव नोंदवतो. विद्यार्थ्यांचा हा हक्क १९७९ साली टेक्ससच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टात टिकला.

तोटा कोणाचा?

वर्तमानपत्रांत हा प्रश्न बहुधा शहर विरुद्ध खेडं, काळे विरुद्ध गोरे असा मांडला जातो. त्यात तथ्य आहेच. अमेरिकेच्या लोकसंख्येत काळ्यांचं प्रमाण १३-१४ टक्के आहे, राज्यांच्या तुरुंगांत मात्र ते सुमारे एक तृतीयांश. तुरुंग ज्या खेड्यांत आहेत तिथली वस्ती बहुतेक गोरी. त्यामुळे काळ्या वस्त्यांतली डोकी कमी होतात आणि गोऱ्या खेड्यांत वाढतात. अनेकांना इथे मूळ घटनेतल्या १७८७ च्या तडजोडीची आठवण होते. तेव्हा गुलामांना मत नव्हतं, पण राज्याच्या जागा मोजताना प्रत्येक गुलाम तीन पंचमांश माणूस धरला जाई. त्या वाढीव जागा गुलामांच्या नव्हे, मालकांच्या कामी आल्या. गुलामगिरी आणि शिक्षा या एक गोष्टी नव्हेत, पण दुसऱ्याच्या डोक्यावर आपली जागा वाढवून घ्यायची हा भाग सारखाच आहे.

न्यूयॉर्क राज्य घ्या. गव्हर्नर रॉकफेलर यांच्या कारकिर्दीत १९७३ साली अमली पदार्थांविरुद्ध अतिशय कडक कायदे झाले. त्या वर्षी राज्याच्या तुरुंगांत बारा-तेरा हजार कैदी होते, १९९९ पर्यंत ते सत्तर हजारांच्या वर गेले. त्यातले बहुसंख्य न्यूयॉर्क शहर आणि आसपासचे, आणि नवे तुरुंग मात्र जवळजवळ सगळे उत्तरेकडे, ज्याला इथे 'अपस्टेट' म्हणतात तिथे. २००० च्या शिरगणतीनंतर राज्याच्या सिनेटचे मतदारसंघ आखले गेले तेव्हा अपस्टेटचे सात मतदारसंघ असे निघाले, की कैदी वगळले तर त्यांची किमान लोकसंख्याच भरत नव्हती. टीकाकार म्हणत, की ज्या आमदाराची जागा कैद्यांच्या डोक्यांवर उभी आहे तो शिक्षा सौम्य करायला कसा तयार होईल? १९७३ चे ते कायदे खऱ्या अर्थाने सैल व्हायला २००४ आणि २००९ साल उजाडावं लागलं.

पण आमच्या मते या प्रश्नाची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे आणि ती फारशी बोलली जात नाही. सगळ्यांत जास्त मार बसतो तो खेड्यातल्याच माणसाला. राज्याच्या सिनेटचा मतदारसंघ दोन-तीन लाख लोकांचा असेल तर त्यात पाच-दहा हजार कैद्यांनी दोन-चार टक्क्यांचा फरक पडतो. पण काउंटीच्या बोर्डाचा विचार करा. समजा, काउंटीत पाच हजार माणसं आहेत आणि हजार-हजारांचे पाच भाग पाडले. एका भागात आठशे कैद्यांचा तुरुंग आहे. उरलेल्या दोनशे लोकांना एक प्रतिनिधी आणि बाकी चार भागांतल्या हजार-हजार लोकांनाही एकेकच. हे चार हजार लोक शहरी नाहीत, काळेच आहेत असंही नाही. ते त्याच काउंटीतले शेतकरी, ट्रक ड्रायव्हर, शाळामास्तर. रस्ता आधी कोणाचा दुरुस्त करायचा, नवा पूल कुठे बांधायचा, हे ठरताना यांचा आवाज पाचपटीने बारीक झालेला असतो.

फ्लोरिडातल्या जेफर्सन काउंटीत अगदी हेच झालं. पाचांपैकी एका भागात राज्याचा तुरुंग आणि त्यात सुमारे साडेअकराशे कैदी. काउंटीतल्या रहिवाशांनीच कोर्टात धाव घेतली. २०१६ च्या मार्चमध्ये केंद्रीय न्यायाधीशांनी निकाल दिला, की हे कैदी या बोर्डाला निवडत नाहीत आणि बोर्डाच्या निर्णयांचाही त्यांच्याशी अर्थपूर्ण संबंध नाही. तेव्हा त्यांना धरून आखलेले भाग घटनाबाह्य आहेत.

सगळ्या कोर्टांचं मत असं नाही. ऱ्होड आयलंड राज्याचे सगळे मुख्य तुरुंग क्रॅन्स्टन या एकाच शहरात आहेत. तिथल्या सहाव्या वॉर्डात ३,४०० च्या वर कैदी मोजले गेले, म्हणजे वॉर्डाचा जवळजवळ चौथा हिस्सा. खालच्या केंद्रीय कोर्टाने २०१६ च्या मे महिन्यात रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला. सप्टेंबरमध्ये वरच्या कोर्टाने 'एव्हनवेल'चा आधार घेऊन तो फिरवला. त्या कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं, की शिरगणतीचा आकडा जसाच्या तसा वापरणं घटनेत बसतं. बदलायचं असेल तर लोकप्रतिनिधींनी बदलावं.

दुरुस्ती कशी करतात?

आणि लोकप्रतिनिधींनी ते बदलायला सुरुवात केली आहे. २०१० साली मेरीलँड आणि न्यूयॉर्क या दोन राज्यांनी कायदे केले आणि २०११-१२ च्या नकाशांत ते वापरलेही. दोन्हींना कोर्टात आव्हान मिळालं. न्यूयॉर्कचा कायदा राज्याच्या कोर्टात टिकला आणि मेरीलँडच्या कायद्यावर २०१२ साली सुप्रीम कोर्टाने शिक्कामोर्तब केलं. मग डेलावेर, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, नेवाडा, न्यू जर्सी, व्हर्जिनिया, कोलोराडो, कनेक्टिकट अशी रांग लागली. इलिनॉयने २०२१ साली कायदा केला, तो २०३० च्या शिरगणतीनंतर लागू होईल. मोंटाना आणि मेन यांनी २०२३ साली, मिनेसोटाने २०२४ साली कायदा केला. पेनसिल्व्हेनियात कायदा न करता मतदारसंघ आखणाऱ्या आयोगानेच २०२१ साली तसा निर्णय घेतला. यात दोन्ही पक्षांचं वर्चस्व असलेली राज्यं आहेत. शिवाय दोनशेच्या वर काउंट्या आणि गावं स्वतःहूनच आपले वॉर्ड आखताना कैदी बाजूला ठेवतात.

तंत्र तसं सोपं आहे. तुरुंगात दाखल होताना प्रत्येक कैद्याचा शेवटचा राहता पत्ता नोंदला जातो. तुरुंग खातं १ एप्रिलची यादी मतदारसंघ आखणाऱ्या मंडळाला देतं. मंडळ तो पत्ता नकाशावर शोधून तिथल्या सेन्सस ब्लॉकमध्ये एक माणूस वाढवतं आणि तुरुंगाच्या ब्लॉकमधून एक कमी करतं. ज्याचा पत्ता लागत नाही, जो बेघर होता, जो दुसऱ्या राज्यातून आला आहे, अशांचं काय करायचं ते प्रत्येक राज्याचा कायदा सांगतो. कुठे त्यांना वगळतात, कुठे तुरुंगातच राहू देतात. लहान काउंटीला तर पत्ते शोधायचीही गरज नाही. तिने फक्त तुरुंगाचा आकडा वजा करायचा, की झालं. २०२० पासून सेन्सस ब्यूरो मतदारसंघांसाठी जी आकडेवारी देतो तिच्यातच तुरुंगातल्या माणसांचा आकडा ब्लॉकनिहाय वेगळा दिलेला असतो. म्हणजे वजाबाकी साध्या स्प्रेडशीटवर होते.

यावरचे आक्षेपही ऐकायला हवेत. पहिला, तुरुंगाच्या गावाचं सरकारी अनुदान बुडेल. बुडत नाही, कारण मूळ शिरगणतीला हात लावलेला नसतो; बदलतो तो फक्त मतदारसंघांसाठीचा आकडा. दुसरा, कैदी तिथे खातो-पितो, पाणी वापरतो, गावचं ड्रेनेज वापरतो. खरं आहे. पण त्याचा हिशेब पाण्याच्या बिलात करावा, मतपेटीत करू नये. तिसरा, जन्मठेपेचा कैदी घरी परतणारच नाही, मग तो घरचा कसा? हा आक्षेप त्यातल्या त्यात वजनदार आहे. पण जन्मठेपवाले थोडे. बहुसंख्य कैदी दोन-तीन वर्षांत सुटून घरी जातात आणि शिरगणतीचा आकडा मात्र दहा वर्षं तसाच राहतो. शिवाय तुरुंग बंदही पडतात. न्यूयॉर्कने २०११ पासून कितीतरी तुरुंगांना कुलूप लावलं. माणसं गेली, इमारत गेली, तरी नकाशावर त्यांची भुतं पुढच्या शिरगणतीपर्यंत राहणार!

खरं तर हे काम एका ठिकाणी, सेन्सस ब्यूरोतच व्हायला हवं. २०२० च्या आधी ब्यूरोने लोकांची मतं मागवली. पंचाहत्तर हजारांवर पत्रं आली आणि जवळजवळ सगळ्यांचं म्हणणं एकच, की कैद्यांना त्यांच्या घरच्या पत्त्यावर मोजा. ब्यूरोने २०१८ साली जुनाच नियम कायम ठेवला. परदेशी तैनातीवर गेलेल्या सैनिकांसाठी मात्र त्याच वेळी नियम बदलला आणि त्यांना अमेरिकेतल्या त्यांच्या नेहमीच्या घराच्या पत्त्यावर मोजायचं ठरलं. तेव्हा माणूस झोपतो एकीकडे आणि मोजायचा दुसरीकडे, हे अशक्य नाही हे ब्यूरोलाही ठाऊक आहे. राज्यांना जे साधत नाही तेही फक्त ब्यूरोच करू शकतो. हवाईचे कित्येक कैदी हजारो मैलांवर, अ‍ॅरिझोनातल्या ईलॉय गावच्या खाजगी तुरुंगात ठेवलेले असतात. ते अ‍ॅरिझोनाचे म्हणून मोजले जातात आणि हवाई सरकारला त्यात काही करता येत नाही.

आपल्याकडे काय?

हा प्रश्न आलाच. भारतातही कैद्याची गणना तुरुंगातच, 'संस्थात्मक कुटुंब' या सदरात होते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ६२(५) कलमाने त्याला मत नाही. फक्त स्थानबद्धांना टपालाने देता येतं. निवडणूक लढवणं मात्र वेगळं. जॉर्ज फर्नांडिस १९७७ साली तुरुंगात असताना मुझफ्फरपूरमधून निवडून आले, ते आपल्याला आठवत असेलच. पण आपले मतदारसंघ प्रचंड आणि कैदी तुलनेने थोडे. लोकसभेच्या मतदारसंघात पंधरा-वीस लाख मतदार असतात, तिथे येरवड्याच्या काही हजार कैद्यांनी पारडं झुकत नाही. तिकडचं दुखणं वेगळंच आहे. राज्यांमधली लोकसभेच्या जागांची वाटणी अजून १९७१ च्या जनगणनेवर अडून आहे. तो विषय एका स्वतंत्र लेखाचा आहे.

पुढची शिरगणती २०३० साली आहे. आपल्यापैकी पुष्कळजण आता इथले नागरिक आहेत, मत देतात, पण आपला वॉर्ड किंवा काउंटी डिस्ट्रिक्ट कोणी आणि कसा आखला, याकडे सहसा लक्ष देत नाहीत. नकाशे आखण्याआधी जाहीर सुनावणी होते. तिथे कोणीही जाऊन बोलू शकतं, आणि बहुतेक वेळा खुर्च्या रिकाम्या असतात. आपल्या काउंटीत तुरुंग आहे का आणि आकड्यांतून तो वजा केला आहे का, हे दोन प्रश्न तिथे विचारायला वकिली लागत नाही. आपल्यातले निम्मे लोक दिवसभर स्प्रेडशीट घेऊनच बसलेले असतात. काउंटीच्या क्लार्कला ही वजाबाकी करून दाखवायला एखादी शनिवारची दुपार पुरे. व्हिसावर असलेल्यांनीही जायला हरकत नाही. त्यांना मत नसलं तरी ते त्या वॉर्डाचे आहेत, आणि सुनावणीच्या खोलीत बसलेल्या माणसांना तो फरक त्यांच्याइतका चांगला कोणी समजावून सांगू शकणार नाही.